पाऊण किलोच्या बॅगेची आजीवन वॉरंटी

२ मार्च, रविवार

बॅग आली. अल्ट्रालाइट. पाऊण किलोसुद्धा भरत नाही. करंगळीला अडकवून दीपमालाला दाखवली. ती म्हणाली, बॅग हलकी झाली, आता तुमचं बघा. बायकोला ट्रेकिंगमधलं काही कळत नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. भूमिकाला हैदराबादला नोकरी लागली. जुलैत जॉइन व्हायचंय. त्याआधी जूनमध्ये हिमाचलात ट्रेक करायचा म्हणते, आणि तोही माझ्याबरोबर. पुण्याहून फोन केला होता. पप्पा, नोकरी सुरू झाली की सुट्टी कुठली, एकदा आपण दोघंच जाऊ. दहावीपासून पोरगी होस्टेलवर. सणाला येते, दोन दिवस मोबाइल चार्ज करते आणि जाते. आता तिने स्वतःहून मला बरोबर मागितलंय. मी क्षणाचाही विचार केला नाही. हो म्हणालो. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ गाणं गुणगुणत होतो.

मग तिने पाठवलेली माहिती वाचली. चौदा हजार फुटांवर एक खिंड आहे, ती ओलांडायची. ठीक आहे. फूट हे जुनं माप आहे, मीटरमध्ये फार होत नाही.

माझा सिद्धांत: ट्रेकमध्ये शत्रू एकच, वजन. तो खरेदीतच मारला. शिवाय बॅगेला आजीवन वॉरंटी आहे. कुणाच्या आजीवन, बॅगेच्या की माझ्या, ते लिहिलेलं नाही. कंपनीला विचारायला हवं.

संकल्प: रोज पहाटे मेहरूण तलावाला फेरी. उद्यापासून. उद्या सोमवार, वारही चांगला.

९ मार्च

आज पहिली फेरी. मधला आठवडा बॅगेचे पट्टे मापाला बसवण्यात गेला. पट्टे चुकले तर खांद्याला कायमची इजा होते, असं एका व्हिडिओत होतं.

तलावावर प्रेमराज नाना भेटले. आमच्या शेजारचेच. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, बोलण्याची हौस दांडगी, मन मोठं. पाठीवर हे काय म्हणाले. सांगितलं. हिमालय ऐकून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मग पोहे झाले, वर शेव, त्यावर चहा. अर्धी फेरी झाली. उरलेली अर्धी रिक्षाने, कारण नानांना घाई होती.

१८ मार्च

रजेचा अर्ज दिला. मी पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे, तक्रार विभाग. जळगावचा उन्हाळा म्हणजे टाक्या तडकायचा सीझन, आणि मी विभागाचा कणा. जूनमध्ये रजा मिळणं अशक्य. भूमिकाला तसं सांगावं लागणार म्हणून मन घट्ट करून ठेवलं होतं. वाक्यंसुद्धा ठरवली होती.

नवीनसाहेबांनी अर्ज न वाचताच सही केली. जा, मजा करा म्हणाले. अशा साहेबांमुळेच कंपन्या बुडतात.

६ एप्रिल

भूमिकाने वाटेचा व्हिडिओ पाठवला. एक माणूस डोंगराच्या धारेवरून चालतोय. दोन्हीकडे काही नाही. नुसतं काही नाही. मी घरात खुर्चीवर बसून पाहत होतो, तरी खुर्चीचे हात घट्ट धरले गेले. व्हिडिओची क्वालिटी खराब होती, त्यामुळे गरगरलं.

उंचीची भीती म्हणावी, तर तसं काही नाही. टाकी तपासायला मी गच्चीच्या शिडीवर चढत नाही हे खरं, पण ते सिनियॉरिटीमुळे. तडा खालूनही कळतो.

तिने विचारलं, कसा वाटला? मी अंगठा पाठवला.

१३ एप्रिल

कॉलनीच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'हिमालय मोहिमेसाठी आमचे लाडके योगेंद्रभाऊ यांना हार्दिक शुभेच्छा.' मागे बर्फाचा डोंगर, पुढे माझा आधार कार्डावरचा फोटो. सोसायटीच्या फायलीत तेवढाच होता. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे, त्यात नाना सगळ्यात मोठे.

आता दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे विचारतात, कधी निघणार? नाना म्हणाले, भाऊ, आता मागे फिरायचं नाही. मागे फिरण्याचा प्रश्नच नाही. फक्त फ्लेक्स एवढा मोठा नको होता. रोज ऑफिसला जाताना आपल्याच चेहऱ्याखालून जावं लागतं.

३० एप्रिल, आखाजी

अक्षय्य तृतीयेच्या सणाला गावी आलोय, चोपड्याजवळ. सराव म्हणून एसटीत बॅग पाठीवर घेऊनच बसलो. सामान दीपमालाच्या पिशवीत होतं. नवी बॅग उगाच झिजवायची नाही.

माझ्या वडिलांनी, आबांनी, बॅग हातावर तोलली आणि विचारलं, हाई पिशवी शे का पतंगना कागद. वडीलमाणूस, उलट कसं बोलणार. तरी सगळ्यांना जमवून बॅगेची माहिती दिली. हे साधं नायलॉन नाही. जाळीच्या विणीचं आहे, एक धागा तुटला तरी पुढचा फाटू देत नाही. माणूस टांगला तरी टिकेल. हे शेवटचं वाक्य माहितीपत्रकात नव्हतं, पण अर्थ तोच होता.

अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला. आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसल्याशिवाय आमच्याकडे सण पुरा होत नाही. नेमकी बसायची फळी मोडली. कोणीतरी गोणपाट आणायला निघालं. मी म्हणालो, गोणपाट कशाला, ही बॅग बांधा दोराला. दीपमाला नको म्हणाली. आबा म्हणाले, फाटी जाई. म्हणून तर बांधली.

पहिला मान कमलबाई आत्याचा. आबांची थोरली बहीण. आत्या सर्वार्थाने थोर आहे. दोन झोके सुरेख गेले. आत्याने गाणंही धरलं. तिसऱ्या झोक्याला खांद्याचे पट्टे शिवणीतून उसवले, पाठीचं कापड टर्रकन फाटलं आणि आत्या मातीत. लागलं काही नाही. तिथेच फतकल मारून म्हणाली, योगेंद्र, तू हिमालयमा जाशी तवय जाशी, मन्हा जीव आजच लेस का. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आबा तोंडाला काही न लावता.

मला अतिशय दुःख झालं. जेमतेम महिना राहिला आणि बॅग अशी. जेवताना पुरणपोळ्या नेहमीपेक्षा जास्त गेल्या, आमरसाच्या वाट्या मोजल्या नाहीत. दुपारी इतकी गाढ झोप लागली की दीपमालाने हलवून उठवलं. धक्क्याने असं होत असावं.

२ मे

ऑफिसात बसून वॉरंटीची तक्रार लिहिली. या विषयात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. आजवर लोकांच्या टाक्यांची गॅरंटी मीच नाकारत आलोय. टाकी तडकली? उन्हात ठेवली होती का? ठेवली होती. मग वापरातली चूक. जळगावात टाकी उन्हात नाही तर कुठे ठेवायची, असं एका माणसाने मला विचारलं होतं. त्यालाही तेच उत्तर गेलं.

त्यामुळे मला माहीत आहे, वॉरंटीला वेळ लागतो. पहिल्या पत्राला उत्तर येत नाही. दुसऱ्याला बिल मागतात. मग फोटो मागतात, फोटो पुसट आहेत म्हणतात. फोटो पसंत पडले की साहेब रजेवर. तोवर जून निघून जातो. कंपन्या अशाच, आपण काय करणार.

भूमिकाला फोन करून परिस्थिती सांगितली. ती म्हणाली, मैत्रिणीची बॅग आणते ना तुमच्यासाठी. मी समजावलं की परक्या बॅगेवर एवढी उंची म्हणजे जिवाशी खेळ. बॅग आपल्या पाठीला बसलेली लागते. दुरुस्त होऊन आली तर प्रश्नच नाही, मी एका पायावर तयार आहे.  ती म्हणाली, येईल पप्पा, काळजी करू नका.

३ मे

कंपनीचं उत्तर आलं. काल संध्याकाळीच येऊन पडलं होतं. बेंगळुरूची कंपनी, पुनम नावाची मुलगी. फार वाईट वाटलं म्हणते. बॅग धुऊन ठेवा, सोमवारी आमचा कुरियरवाला न्यायला येईल. बिल मागितलं नाही, त्यांच्याकडे नोंद आहे. फोटो स्पष्ट आले म्हणून आभारसुद्धा मानले.

इतक्या घाईने उत्तर देणारी कंपनी भरवशाची कशी असेल?

५ मे

कुरियरवाला आला. मी सांगणार होतो की बॅग अजून धुतलेली नाही, पुढच्या आठवड्यात या. दीपमालाने ती सकाळीच धुऊन गच्चीवर टाकली होती. या उन्हात ओली रजई तासाभरात वाळते, हिचं काय. त्याचा चहा संपायच्या आत कोरडी.

एक काम मात्र हुशारीने केलं. परतीचा पत्ता दोंडाईच्याचा दिला, सासुरवाडीचा. माझा मेहुणा नवल तिथे असतो. धान्याचं दुकान आहे, ते सोडून तो कुठे जात नाही. पार्सल आलं की त्याच्याकडे सुखरूप पडून राहील. कितीही दिवस.

१२ मे

पुनमचा फोन. ती म्हणाली, सर, ओझ्याने बॅग तळाशी किंवा पट्ट्याच्या एका टोकाशी उसवते. तुमची दोन्ही पट्ट्यांना एकदम ओढ बसून आडवी फाटलीय. राग मानू नका, पण बॅगेत कोणी बसलं होतं का?

असले प्रश्न मी लोकांना विचारतो. मला कोणी विचारत नाही. आधी राग आला. मग वाटलं, खरं सांगावं. खोटं बोलून वॉरंटी मिळवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आखाजी, निंब, मोडकी फळी, आत्या, आत्याचं अंदाजे वजन, सगळं सांगितलं. तिने विचारलं नव्हतं तेही सांगितलं. माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर एका ओळीत निकाल होता. मीच तिला म्हणालो, मॅडम, तुम्ही सरळ नाकारा, मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही. नियम म्हणजे नियम.

ती हसत सुटली. म्हणाली, सर, बॅग किती टिकते ते बघायला आम्ही मशीनवर झटके देतो, पण आत्या आमच्याकडे नाहीत. दोन झोके निघाले हीच आमची जाहिरात. नियमात बसत नसलं तरी फुकट करून देते. पाठीचं कापड बदलते, पट्ट्यांना दुहेरी शिवण घालते. आत्यांचा एक फोटो मिळेल का, वर्कशॉपमध्ये लावायचाय.

फोन ठेवल्यावर तोंड कडू पडलं होतं. उन्हाळ्यात पडतं तसं.

१९ मे

सकाळी दारात नवल. पहिल्या गाडीने दोंडाईच्याहून. पार्सल काल आलं म्हणे. दाजी, तुमना हिमालय अडाले नको, बठ्ठं काम सोडीसन उनू. दुकान बंद ठेवून आलाय. माझ्या लग्नात हा माणूस मंगलाष्टकं झाल्याबरोबर दुकान उघडायला पळाला होता.

बॅग पहिल्यापेक्षा मजबूत झालीय. वर पावसाचं कव्हर भेट. दीपमालाने भावाला शेवभाजी करून घातली. मी पट्टे ओढून पाहिले. पुन्हा ओढून पाहिले. नवल म्हणाला, दाजी, आता तुम्हीच तुटाल.

लोक माणसाला मोकळं सोडत नाहीत.

२१ मे

गंभीर दोष सापडला. छातीवरच्या पट्ट्याच्या बकलाला छोटी शिट्टी असते, संकटात वाजवायला. तिचा आवाज फार बारीक आहे. हिमालयात हे चालणार नाही. कंपनीला कडक शब्दांत लिहिलं.

२४ मे

नवी शिट्टी आली. वाजवून पाहिली. नाना बनियनवर धावत आले.

२५ मे, रविवार

कॉलनीतर्फे सत्कार. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. गेल्यावर करा म्हणालो, पण नाना म्हणाले, आल्यावर वेगळा करू. मला दोन शब्द बोलायला सांगितले. हिमालय माणसाला नम्र करतो, या विषयावर बराच वेळ बोललो. भाषण रंगलं. नानांनी डोळे पुसले. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला उगाच वाटलं की मी वर चढून उभा आहे आणि खालची शिडी कोणीतरी काढून घेतलीय.

३१ मे

भूमिका घरी आलीय. घर भरलं. दिवसभर तिचं पॅकिंग. माझ्यासाठी हातात धरायच्या काठ्या आणल्यात. बॅग माझ्या पाठीवर चढवून कमरेचा पट्टा तिने स्वतः आवळून दिला. पोरगी एवढी उंच कधी झाली, माझ्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर चला म्हणाली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो, तिथे वारा चांगला लागतो. ती कठड्याशी उभी होती. तिथून माझ्याकडे न बघता म्हणाली, पप्पा, त्या धारेवर मी तुमच्या पुढे असेन. हात धरेन. हळूच जाऊ. कोणी घाई करत नाही तिथे.

मी म्हणालो, हात धरायची वेळ येणार नाही. ती म्हणाली, तरी धरेन.

२ जून

उद्या पहाटेची गाडी. दुपारी बॅग शेवटची तपासली. पट्ट्याच्या दुहेरी शिवणीतून एक धागा बाहेर आलेला. दीपमालाने दाताने तोडून टाकला. पण मी पाहिला होता. पुनमला फोटो पाठवला आणि लेखी खुलासा मागवला. खुलासा येईपर्यंत बॅग वापरणं म्हणजे बेजबाबदारपणा, शिवाय वॉरंटीचं नुकसान. तसं भूमिकाला सांगितलं.

ती हातातले मोजे घेऊन खाली बसली. विचारलं, पप्पा, तुम्हाला यायचंय ना? मी म्हणालो, अर्थात. आणि मग धाग्यांबद्दल बोललो. एक धागा सुटला की कसा पुढचा सुटतो, ओझं कसं एका बाजूला जातं. बरंच बोललो. ती ऐकत होती. मध्ये थांबलो तर पुन्हा विचारेल म्हणून थांबलो नाही.

मी संपवल्यावर ती बरं म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मी तयारीत होतो.

ट्रेकवाल्यांना फोन करून तिने माझ्या जागी दीपमालाचं नाव घातलं. दीपमालाने पलंगाखालून बूट काढले. चांगले वापरलेले. मार्चपासून रोज मेहरूणला पुरी फेरी मारतेय म्हणे. मला वाटायचं भाजीला जाते.

प्रश्न कॉलनीचा. फ्लेक्स अजून गेटवर आहे. नानांना काय सांगणार? योजना केलीय. दोघींनी अंधारात निघायचं, बाहेरून कुलूप लावायचं. तिघंही गेलो असं सगळे समजतील. दीपमाला म्हणाली, खरं सांगून टाका ना नानांना. तिला सार्वजनिक जीवनातलं काही कळत नाही.

३ जून

पहाटे दोघी गेल्या. बॅग दीपमालाच्या पाठीवर. भूमिका माझ्या पाया पडली, मी आशीर्वाद दिला, पोचल्यावर फोन कर म्हणालो. मग बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज.

सकाळी पुनमचं उत्तर: धाग्याने काहीही होत नाही, आनंदाने जा.

काही हरकत नाही. हा एकांत सत्कारणी लावायचा. योगासनं, वाचन, चिंतन. लोक यासाठीच हिमालयात जातात.

४ जून

कूलर लावता येत नाही. त्याची घरघर नानांच्या खोलीत ऐकू जाते. खिडक्या बंद. पंखा एकवर. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलोय. टॉवेल वाळतो, पुन्हा भिजवतो. चिंतन सुरू केलं होतं, पण डोकं तापतं.

नानांनी ग्रुपवर विचारलं, भाऊ, कुठपर्यंत? मी लिहिलं, इथे नेटवर्क नाही. सगळ्या कॉलनीने अंगठे दिले.

६ जून

दीपमालाने पोळ्या करून ठेवल्या होत्या, त्या संपल्या. गॅस पेटवला तर फोडणीचा वास बाहेर जाणार. डब्यात ज्वारीच्या बिबड्या सापडल्या, म्हणजे आमच्याकडचे पापड. कच्च्या खाल्ल्या. बिबड्या फार वाजतात. दुसरी तोडली आणि दारापुढच्या ओट्यावरून नानांचा आवाज आला, घरात कोणी शे का.

मी बिबडी तोंडात तशीच धरून बसलो, भिजून मऊ होईपर्यंत.

नानांनी उंदीर किंवा चोर असा निष्कर्ष काढला. भाऊ तिकडे जीव धोक्यात घालतोय, आपण त्याचं घर तरी सांभाळू, असं म्हणून त्यांनी आपली खाट माझ्या ओट्यावर आणून टाकली. माझ्या घरावर पहारा बसलाय. आणि मी आत.

८ जून

नाना रोज सकाळी माझ्या तुळशीला पाणी घालतात. मग ओट्यावर पेपर वाचतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी प्रगती सांगतात. आज म्हणाले, भाऊ आता बर्फात असतील. त्यांना थंडीचा त्रास आहे, मी कानटोपी द्यायला हवी होती. हे ते मनापासून म्हणत होते. दाराच्या अलीकडे मी बनियनवर, पाठीला घामोळं, श्वास धरून. दार उघडता आलं असतं तर उघडून त्यांचे पाय धरले असते. दार उघडता येत नाही, कुलूप बाहेरून आहे. ही माझीच कल्पना.

आज फ्लश ओढला नाही. संयम वाढतोय.

१० जून

भूमिकाचा फोन. गादीत तोंड खुपसून बोललो. काल खिंड ओलांडली. धारेवर दीपमाला घाबरली, मधेच खाली बसली, रडली. भूमिका तिच्यासमोर बसून राहिली. मागची माणसं थांबली. मग हात धरून दोघी पार झाल्या. पलीकडे गेल्यावर मम्मी इतकी हसत होती पप्पा, मी तिला असं कधी पाहिलं नाही.

मी विचारलं, बॅगेची शिवण कशी आहे?

ती म्हणाली, चांगली आहे.

मग म्हणाली, मला हिमालयच हवा होता असं नाही पप्पा. तुम्ही तोरणमाळला चल म्हणाला असतात तरी मी आले असते. घाबरतो म्हणाला असतात तरी चाललं असतं.

मी म्हणालो, नेटवर्क तुटतंय. फोन बंद केला.

नेटवर्क चांगलं होतं.

११ जून

काही लिहिण्यासारखं नाही. भूमिका आली की तिच्याशी बोलायचं ठरवलंय. नोकरीला जायला अजून अवकाश आहे. तोरणमाळ खरंच जवळ आहे. एसटी जाते. गाडीरस्ता वरपर्यंत आहे. काठ्या घरीच आहेत.

१३ जून

सकाळी कुलूप उघडलं. दीपमाला एकटीच. चेहरा रापलेला, नाकाचं साल निघालेलं. मी तिच्या मागे पाहत होतो. ती म्हणाली, कंपनीने जॉइनिंग अलीकडे घेतलं, भूमिका दिल्लीहूनच विमानाने हैदराबादला गेली. कालपासून ट्रेनिंग सुरू झालंय. मी विचारलं, घरून सामान वगैरे? म्हणाली, काठ्या सोडून सगळं घेऊनच निघाली होती.

मी तिच्या पाठीवरची बॅग उतरवून हातात घेतली, तेवढ्यात नाना आणि मागे सगळी कॉलनी. रिक्षा त्यांनी गेटवरच पाहिली होती आणि ओट्यावरून उठून ते आधी कॉलनी जमवायला गेले होते. बॅग हातात, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, अंगावर घामोळ्याचे चट्टे. नाना म्हणाले, बघा, बर्फाने काय केलं माणसाचं. त्यांनी हार घातला.  दीपमालाने आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

नानांनी विचारलं, भाऊ, सगळ्यात चांगलं काय वाटलं, एवढं एकच सांगा. उत्तर तयार होतं. आठवडाभर पाठ करत होतो, सूर्योदयाचं. तोंडातून निघालं, पोरगी दिवसभर बरोबर होती. धारेवर तिने माझा हात धरला. हळूच गेलो आम्ही, घाई केली नाही.

पुढे बोलताच येईना. हार गळ्यात घेऊन उभा राहिलो. नानांनी खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, हिमालय आठवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला होता.

सगळे गेल्यावर बॅग पालथी करून पाहिली. पट्टे, पाठ, तळ, सगळं शाबूत. कुठे एक टाका ढिला नाही. तक्रारीला जागा नाही. मी जायला हवं होतं.

दुपारी हैदराबादला फोन लावला. भूमिका म्हणाली, ट्रेनिंगमध्ये आहे पप्पा, नंतर करते. आता संध्याकाळ होत आली. फोन हातातच आहे.